चार नंबरच्या मशीनवरचे डाव

७ ऑक्टोबर २००७, रविवार. दुकानाचा दसरा काढायचा होता. घरचा शुक्रवारीच उरकला होता; गोधड्या धुऊन, वाळवून, घड्या होऊन कपाटात गेल्या होत्या. पितृपंधरवडा संपायच्या आत, घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं कापड न् कापड धुतलं जातं. दुकान काढल्यापासून तोच नियम मी दुकानालाही लावला होता. सकाळी सात वाजता शटर अर्धं वर केलं आणि सहा मशीनची कव्हरं बादलीत भिजत घातली.

जुन्या जालन्यात, कापडाच्या एका होलसेल दुकानाच्या वर, माझं इंटरनेटचं दुकान होतं. त्याआधी त्याच खोलीत टायपिंगचे वर्ग होते. १९८१ साली मी टायपिंग शिकले, लग्नानंतर वर्ग काढले आणि पंधरा-सोळा वर्षं चालवले. पुढे टायपिंगला कुणी येईनासं झालं तेव्हा टाइपरायटर विकले आणि कॉम्प्युटर घेतले. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. टाइपरायटरची एक गोष्ट मात्र पटायची. जे टाइप केलं ते कागदावर असायचं आणि कागद ज्याच्या हातात त्याचा असायचा. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं नेमकं कुठे असतं हे मला कधी धड उमगलं नाही. गिऱ्हाइकाला मी तसं कळू दिलं नाही, एवढंच.

मशीन धुणं म्हणजे फॉरमॅट मारणं. वर्षभरात लोक त्यात काय काय भरून ठेवतात: बायोडेटा, साखरपुड्याचे फोटो, गाणी, देवांची चित्रं, आणि या सगळ्यांच्या पोटात व्हायरस. मी सगळं पुसून टाकायची, एका मशीनवर नव्याने सगळं बसवायची आणि त्याचीच नक्कल बाकीच्या पाचांवर उतरवायची. दारावर आठ दिवस आधी पाटी लागायची: "रविवारी मशीन धुतल्या जातील. आपापलं सामान शनिवारपर्यंत उचलावं. नंतर तक्रार चालणार नाही." खालचा कापडवाला दरवर्षी ती पाटी वाचून विचारायचा, "बाई, साबण कोणता वापरता?"

दर वर्षी मी गल्ल्यावरची माझी मशीन शेवटी धुवायची. त्या वर्षी ती पहिली धुतली. त्याला कारण होतं, आणि ते सांगायचं तर चार नंबरवर बसणाऱ्या बाईंपासून सुरुवात करायला हवी.

त्या हसनाबादच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होत्या. वय तेहतीस-चौतीस. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने जालन्याला यायच्या आणि दोनच्या सुमाराला माझ्याकडे. बाजार त्या वेळी जेवून सुस्तावलेला असतो, दुकानात दुसरं कुणी नसायचं. गल्ल्यावरची सोडून पाचही मशीन रिकाम्या असल्या तरी बाईंना चार नंबरच लागायचा. ती मशीन कोपऱ्यात होती आणि तिचा पडदा भिंतीकडे होता. पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्यांना ईमेल मीच उघडून दिला होता आणि त्यावरून बुद्धिबळाच्या एका साइटवर खातंही मीच काढून दिलं होतं. खात्याला स्वतःचं नाव त्यांनी दिलं नाही. भलतंच काहीतरी, एका पाखराचं नाव दिलं. मला तेव्हाच ते खटकलं.

"ताई," त्यांनी एकदा विचारलं होतं, "माझं हे खातं ह्या मशीनमधी राहतं का तिकडं?"

"तिकडं. सर्व्हरवर."

"त्यो कुठंय?"

"असंल परदेशात. उद्या तुम्ही औरंगाबादेत बसून उघडलं तरी उघडंल."

"अन् तिकडच्यानं बंद केलं तर?"

"त्याला काय तुमच्याशी वैर आहे, मॅडम?"

त्यावर त्या हसल्या नाहीत. "मला आपली चार नंबरच बरी," म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

आता कुणी म्हणेल, एक बाई शनिवारी दोन तास बुद्धिबळ खेळते, त्यात काय. पण मी पाणी द्यायला म्हणून त्या कोपऱ्याकडे गेले की पडद्यावरची खिडकी झटकन खाली जायची. बुद्धिबळाला कुणी लपवतं का? त्याच वर्षी पोलीस दुकानादुकानातून फिरून रजिस्टर ठेवायला सांगून गेले होते: नाव, गाव, कितवी मशीन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ओळखपत्र. कुठूनतरी कुणीतरी कुणाला धमकीचा मेल केला की पहिलं धरणार दुकानदाराला. मला रजिस्टरचं काम आवडलं. मी रेघा मारून, तांबड्या शाईने मथळे घालून ते ठेवायची.

नागपंचमीच्या आधीचा एक सोमवार असेल. मी चार नंबरची मशीन पुसत होते, तेव्हा बाईंच्या नावाचं एक फोल्डर दिसलं. उघडलं. आत साध्या मजकुराच्या शंभरावर फायली. प्रत्येकीत ओळींमागून ओळी: इंग्रजी अक्षर, आकडा, अक्षर, आकडा, मध्येच फुली, मध्येच बेरजेचं चिन्ह. एक शब्द वाचता येईल तर शपथ. मी दोन फायली खालपासून वरपर्यंत पाहिल्या. मला वाटलं, ही सांकेतिक भाषा आहे. बुद्धिबळ मला सोंगट्या कशा चालतात एवढंच येत होतं. डाव असा लिहून ठेवतात हे मला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारावं तर मी गिऱ्हाइकाचं फोल्डर उघडलं हे सांगावं लागलं असतं.

रात्री जेवताना नवऱ्याला एवढंच म्हणाले, "हसनाबादच्या मॅडमचं काहीतरी चालू आहे."

"काय चालू आहे?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?"

"बाई हाये, मास्तरीण हाये, बसून खेळून राह्यली. तुला बिलकुल चैन न्हाई." नवरा बियाण्याच्या गोदामात सुपरवायझर, त्याला उंदीर सोडून कुणाचाच संशय येत नाही.

मी ठरवलं की आपणच बघायचं. त्या शनिवारी बाई चार नंबरवर बसल्या आणि गल्ल्यावरच्या मशीनवरून मी त्याच साइटवर एक खोटं खातं काढलं. नाव पुरुषाचं दिलं. जन्मतारीख विचारली तर बोटांनी आपोआप एक जून टाकलं. आमच्या पिढीत अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती तारीख. बाईंचीही तीच होती, माझीही तीच. वर्ष मात्र मी विचार करून टाकलं. बाईंच्याच वयाचा माणूस वाटावा म्हणून त्यांचंच साल घातलं. मग त्यांना डावाचं आमंत्रण पाठवलं. बारा फुटांवर बसलेल्या बाईंनी ते घेतलं.

असे सहा शनिवार गेले, गणपती बसले तो एक सोडून. दर वेळी दोन-तीन डाव. मी दर वेळी हरायची, तेही आठ-दहा चालींत. हरण्याचं मला काही नव्हतं. माझं लक्ष बाजूच्या निरोपाच्या चौकटीकडे असायचं. मी मोडक्या इंग्रजीत लिहायची: तुम्ही कुठे राहता? उत्तर यायचं: तुमचा वजीर फार लवकर बाहेर येतो. मी लिहायची: घरी कोण कोण असतं? उत्तर: आधी घोडे काढा. एकदा मी सरळ विचारलं, लग्न झालं आहे का? बराच वेळ काही आलं नाही. मी गल्ल्यावरून कोपऱ्यात बघितलं. बाई हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. मग उत्तर आलं: राजा सांभाळा. आणि पुढच्या चालीत माझा राजा गेला.

यावरून माणसाने शहाणं व्हायला हवं होतं. मी उलट म्हटलं, ही फार सावध आहे.

६ ऑक्टोबरच्या शनिवारी दोनला वीज गेली. भारनियमन होतं, पाचशिवाय येणार नव्हती. बाई आल्या, बंद पंख्याखाली बसल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सविस्तर बोलल्या. बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून असेल.

पुढच्या रविवारी, चौदा तारखेला, औरंगाबादला महिलांची निवड चाचणी होती. जी निवडली जाईल ती विभागाच्या संघातून बाहेर खेळायला जाणार. चाचणीला बसायचं तर आधीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागत. बाईंकडे एकही नव्हतं. हसनाबादेत बाईमाणसाने पारावर बसून बुद्धिबळ खेळण्याची सोय नाही. शाळेतले मास्तर त्यांच्याशी खेळत नसत, कारण हरले तर स्टाफरूममध्ये तोंड कसं दाखवायचं. लहानपणी वडिलांकडून शिकलेला खेळ लग्नानंतर दहा वर्षं नुसता डोक्यात होता. मग हे खातं. त्यांनी आयोजकांना फोन करून करून त्यांना तयार केलं होतं: साइटवरचा दोन वर्षांचा दर्जा, म्हणजे रेटिंगचे गुण, आणि डाव छापून आणा, ते बघून बसू देतो.

"एवढाच पुरावा हाये माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणतात, शनिवारी कुठं जाती? मी म्हणते, शाळेचं ऑनलाइन काम हाये. खेळायला जाते म्हणलं तर पाय मोडतील. एकदा संघात नाव आलं की मंग सांगीन, पेपर दाखवूनच सांगीन." मग दारावरच्या पाटीकडे बघून म्हणाल्या, "ताई, उद्या मी येऊन आधी माझं छापून घेते, मंग तुम्ही चार नंबर धुवा. बराबर?"

मी म्हणाले, "मॅडम, किती वेळा सांगू, तुमचं सगळं वर आहे. मशीन धुतली काय अन् न धुतली काय. या तुम्ही निवांत."

त्या शनिवारी संध्याकाळी मला कळून चुकलं होतं की मी सहा शनिवार एका बुद्धिबळ खेळणाऱ्या बाईवर पाळत ठेवली. लाज वाटली असं म्हणण्यापेक्षा भीती वाटली: हे बाहेर कळलं तर? उपाय सोपा होता. दुसऱ्या दिवशी दसरा होताच. माझी मशीन धुतली की ते खोटं खातं गेलं, मी पाठवलेले निरोप गेले, विषय संपला. म्हणून रविवारी सकाळी गल्ल्यावरची मशीन पहिली. तिच्या मागोमाग चार नंबर. ते अक्षर-आकड्यांचं फोल्डर पुसताना क्षणभर हात थांबला होता. पण मनात आलं, वर आहेच की सगळं. बाईंना छातीठोक सांगितलेलं उत्तर मी स्वतःलाही देऊन टाकलं.

अकराला बाई आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कोरा कागद. छापायला आपलाच कागद आणला होता, चांगला जाड. चार नंबरवर बसल्या. वहीत बघून पासवर्ड टाकला. मी दोन नंबरचा कीबोर्ड उलटा करून झटकत होते.

"ताई, जरा इकडं या."

पडद्यावर इंग्रजीत नोटीस होती. मी उभ्याने वाचली. खातं चौकशीसाठी बंद केलं आहे. याच ठिकाणाहून, याच जन्मतारखेचं दुसरं खातं चालवलं जात असून ते या खात्याकडून सतत आणि लवकर हरतं. एकाच व्यक्तीने दर्जा वाढवण्यासाठी दोन खाती चालवल्याचा संशय आहे. खाली त्या दुसऱ्या खात्याचं नाव.

माझी मशीन मी धुतली होती. पुन्हा पुन्हा तेच मनात येत होतं की मी तर धुतली.

"हा तर त्यो," बाई म्हणाल्या. "दर शनिवारी येऊन हरायचा त्यो. चौकशा करायचा." मग शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या. खातं बंद तर बंद. माझ्याजवळ सगळे डाव हायेत. मला भरोसा नव्हता म्हणून दर शनिवारी इथं मशीनवर उतरवून ठेवायचे." आणि त्यांनी फोल्डर शोधायला सुरुवात केली.

मी म्हणाले, "मशीन धुतली, मॅडम."

"मी आधी येते म्हणलं होतं ना?"

"हो."

"मी छापून घेतल्यावर चार नंबर धुवा म्हणलं होतं."

"हो."

त्यांनी माउस सोडला. इतका वेळ त्या पडद्याशी बोलत होत्या, आता माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "ठिकाण इथलंच लिहिलंय. म्हंजे तुमच्याच दुकानातून कुणीतरी बसायचं. रजिस्टर दाखवा."

रजिस्टर दाखवायचं नाही असं म्हणायला काही कारण सापडेना. त्यांनी गल्ल्यावर उभं राहून पानं उलटली. एकेका शनिवारवर बोट ठेवत गेल्या. शिक्षिकेचं बोट, ओळ सोडत नाही. दुपारच्या रकान्यात दर शनिवारी एकच नोंद होती, त्यांची. मीच रेघा मारून नीट ठेवलेलं रजिस्टर. सहाव्या शनिवारपाशी बोट थांबलं.

"दोन ते चार तर तुम्ही अन् मीच असायचो," त्या म्हणाल्या.

मी कीबोर्ड खाली ठेवला. "मीच होते," म्हणाले.

त्यांनी रजिस्टर मिटलं. खालून कापडाचा तागा आपटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "लग्न झालंय का म्हणून विचारलं ते?"

"तेही मीच."

"मला वाटलं कुणी म्हातारा असंल. इतकं वाईट खेळणारा म्हाताराच असतो." आणि मग, "कशासाठी?"

मी सांगितलं. फोल्डर, अक्षरं-आकडे, पडद्यावरची खिडकी खाली जायची ते. पोलिसांचंही सांगितलं, पण ते सांगताना मलाच कळत होतं की पोलिसांनी नाव लिहायला सांगितलं होतं, खोटा पुरुष व्हायला नाही.

"खिडकी खाली करायचे कारण तुम्ही येऊन उभ्या राह्यच्या," त्या म्हणाल्या. "मागं कुणी उभं असलं की मला चाल सुचत न्हाई. शाळेत केंद्रप्रमुख असतात मागं, घरी सासूबाई. इथं दोन तास कुणी नसंल म्हणून येत होते." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी म्हणाले, "झालं ते झालं. आता काय करता येतं ते बघू."

"ते तुम्ही नका सांगू," त्या म्हणाल्या. पण बसल्या.

आधी साइटवाल्यांना लिहिलं. ही दोन माणसं आहेत, एक खेळणारी आणि एक दुकानदार. तारीख सारखी का, तर आमच्या भागात शाळेत सगळ्यांची तीच लिहीत. हे वाक्य इंग्रजीत लिहिल्यावर आम्हा दोघींनाही ते खोटं वाटलं. बाईंनी शाळेचं ओळखपत्र दिलं, माझं मतदार ओळखपत्र मी लावलं, दोन्ही स्कॅन करून पाठवली. तिकडून लगेच एक छापील उत्तर आलं की तुमची विनंती नोंदवली आहे. पुढे दिवाळी उलटून गेल्यावर ते खातं उघडलं, डाव सगळे जागच्या जागी होते. पण चौदा तारीख तोवर कधीच मागे पडली होती, म्हणून त्याचा हिशेब इथे धरत नाही.

मग बाईंनी आयोजकांना मोबाइलवर फोन लावला. खरं ते सगळं सांगितलं. मी एका बाजूचं ऐकत होते: "हो सर." "न्हाई सर, दुकानदार बाईंनीच." "बुद्धिबळ येत न्हाई सर त्यांना." मग बराच वेळ नुसतं ऐकलं आणि फोन ठेवला.

"ते म्हणतात, बंद पडलेलं खातं म्हंजे लबाडी धरतो. पण दुकानदारानं सही-शिक्क्याचं पत्र दिलं, काय केलं ते साफ लिहून, तर बसू देऊ. पुढं पटावर दिसंलच. उद्या संध्याकाळच्या आत फॅक्स पाहिजे."

"लिहून पाठवते," मी म्हणाले. "तुम्ही काळजी नका करू."

"पाठवू नका. आधी मला वाचायचंय."

"फोनवर वाचून दाखवते."

"फोनवर काय वाचताल अन् कागदावर काय असंल," त्या म्हणाल्या. "उद्या मी रजा टाकू शकत न्हाई. मधली सुट्टी दीडला असते. तुम्हीच या हसनाबादला. कागद घेऊन या."

आणलेला कोरा कागद त्यांनी पिशवीत परत घातला आणि गेल्या. मी राहिलेल्या चार मशीन धुतल्या. काम टाकून देणं मला जमत नाही.

संध्याकाळी पत्र लिहायला बसले तेव्हा खरी अडचण कळली. मला पत्र लिहिता येत नाही असं नाही. वीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाइप करून दिलेत. पण हे पत्र माझ्या सहीचं, दुकानाच्या शिक्क्याचं. ते एकदा फॅक्सच्या त्या टोकाला गेलं की कुणाच्या टेबलावर पडेल, कोण वाचेल, कोण कुणाला सांगेल, माझ्या हातात काही नाही. जालन्यात अशी बातमी पोहोचायला एक दिवस लागतो: त्या दुकानात बाई गिऱ्हाइकाच्या फायली बघते. आमच्याकडे पोरी यायच्या, आईबाप विश्वासाने पाठवायचे. त्या उद्यापासून समोरच्या गल्लीतल्या दुकानात जातील. मी तीन वेळा सुरुवात केली. "काही तांत्रिक कारणांमुळे" असं लिहिलं, खोडलं. "आमच्या दुकानातील एका व्यक्तीकडून" लिहिलं, तेही खोडलं.

नवरा बाजूला बसून शेंगा सोलत होता. "तू म्हणून लिही ना," म्हणाला. "एका व्यक्तीकडून म्हंजे काय, मी बसल्तो का तिथं?"

"दुकान बंद पडेल."

"पडू दे. पिठाची गिरणी टाकू. दळणात कुणाचं काय बघणार हायेस तू?"

"तुमचं काय जातं बोलायला."

"माझं काय जाईल? ती बाई घरी खोटं बोलून येत होती, तर ते तिच्या घरच्यांनी बघायचं व्हतं. तू कोण?" त्याने शेंगा पुढे केल्या. "खा, अन् जल्दी लिही. मला झोपायचंय."

मी लिहिलं. पानभर झालं. खोटं खातं, पुरुषाचं नाव, तारीख, सहा शनिवार, फोल्डर, फॉरमॅट, सगळं आलं. शेवटच्या ओळीत मात्र लिहिलं की हा सर्व प्रकार किरकोळ गैरसमजातून घडला. तेवढं तरी माझ्या बाजूने असावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी दुकान उघडलं नाही. पत्र, दुकानाचा शिक्का, शाईची डबी आणि कोऱ्या लेटरहेडची चार पानं पिशवीत घातली आणि सकाळच्या एसटीने हसनाबादला गेले. मधल्या सुट्टीला वेळ होता. शाळेच्या ओट्यावर बसून राहिले. दोन बायका येऊन विचारून गेल्या, कुणाकडं आलात. मी म्हणाले, मॅडमकडं काम आहे. त्या थांबल्या, आणखी काही कळतं का बघितलं आणि गेल्या.

सुट्टीची घंटा झाल्यावर बाई आल्या. बसा म्हणाल्या नाहीत, चहाचं विचारलं नाही. पत्र घेतलं आणि दारातच उभं राहून वाचलं, दोनदा. मग पर्समधून तांबडं पेन काढलं आणि शेवटच्या ओळीतला "किरकोळ" खोडला. थोडं थांबून "गैरसमजातून"ही खोडला. त्या जागी काही लिहिलं नाही. कागद माझ्या हातात दिला.

"फॅक्स किती वाजेपर्यंत जातो तुमच्याकडून?"

"सहापर्यंत."

"मंग एसटी तीनची हाये."

त्या वर्गात परत गेल्या. मी ओट्यावर मांडी घातली, पिशवीतून कोरं लेटरहेड काढलं आणि पत्र पहिल्यापासून परत लिहिलं. शेवटची ओळ "हे मी केले" अशी केली, खाली सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.